मागितलेली फाईल

बाई, कंपनीचा माणूस माझ्या खोलीत येऊन बसला आणि त्याने एका कामगाराची फाईल मागितली, त्या दिवशी मला तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी सवयीने फोन हातात घेतला. मग तो पालथा ठेवला आणि खालच्या टपरीवर त्याच्यासाठी चहा सांगितला.

माझी समुपदेशनाची खोली तुम्ही पाहिलेली नाही. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमीत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. दोन खुर्च्या, एक टेबल, कुलूप लागणारं लोखंडी कपाट. स्वतःहून येऊन फी देणारे लोक इथे थोडे. खोलीचं भाडं निघायचं ते एका रसायनांच्या कारखान्याशी केलेल्या करारावर. कामगारांनी यायचं, मोकळं बोलायचं, आणि फी कंपनीने भरायची. करारात मी लिहून घेतलं होतं की कोण आलं आणि काय बोललं हे कंपनीला कळणार नाही, महिन्याच्या बिलात फक्त झालेली सेशन असतील. त्यावर सही करताना हाच अधिकारी हसला होता. 'मॅडम, आम्हाला कुणाचं काय ऐकायचंय?'

या वेळी तो हसत नव्हता. कारखान्यात अपघात झाला होता. एका टाकीचा व्हॉल्व उघडा राहिला आणि गरम द्रावण एका मदतनीस पोराच्या हातावर उडालं, कोपरापर्यंत कातडी गेली. त्या पाळीला टाकीवर जो ऑपरेटर होता तो माझ्याकडे यायचा. हायवेलगतच्या एका गावातला, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. गाव तुम्हालासुद्धा सांगत नाही.

"चौकशी चालू आहे," अधिकारी म्हणाला. "आम्हाला त्याची फाईल पाहिजे."

"कुणाची?"

त्याने नाव घेतलं. मी म्हटलं, हा माणूस माझ्याकडे येतो की नाही, हेही मी सांगू शकत नाही.

"येतो, मॅडम. तुमच्या बिलात तारीख असते, वेळ असते. त्या वेळेला गेटमधून एकाचाच पास निघतो."

बाई, मी कपाटातून मागच्या बिलाची प्रत काढली. बिल खरं असावं, कुणी शंका घेऊ नये, म्हणून मी प्रत्येक सेशनपुढे तारीख आणि वेळ टाकत होते. नाव नाही टाकलं की झालं, अशी माझी समजूत. माझ्या त्या स्वच्छ बिलावरून त्यांनी गेटचं रजिस्टर काढलं होतं.

तो पुढे सरकला आणि आवाज उतरवून बोलायला लागला. "हे बघा, अख्खी फाईल नको. एक ओळ द्या. कामाला फिट होता का नव्हता. हो किंवा नाही."

"नाही देता येणार."

"पैसे कंपनी देते. मग रिपोर्ट कंपनीचा नाही का?"

"फी तुम्ही भरता. बोललेलं त्याचं असतं. त्याने स्वतः लिहून दिलं किंवा कोर्टाने मागितलं, तरच."

त्याने चहा तसाच ठेवला. उठताना एवढंच म्हणाला, "करार महिनाअखेरीला संपतो. तुम्ही विचार करा." जिन्यावर त्याचे बूट वाजत खाली गेले.

तुमच्याकडे शिकत होते तेव्हाचं पेणचं घर आठवलं. तुमची बसायची खोली स्वयंपाकघराला लागून होती. मधलं दार बंद असायचं आणि मी आत ओट्यापाशी उभी राहून डाळ-तांदूळ निवडायची, नाहीतर चहा टाकायची. आलेला माणूस उठेपर्यंत कुकर लावायचा नाही अशी सक्त ताकीद. शिट्टीने रडणारा माणूस दचकतो, म्हणायचात. एकदा गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आले, मुलीसाठी स्थळ बघत होते. त्या स्थळाचा मुलगा तुमच्याकडे यायचा असं त्यांच्या कानावर आलं होतं. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे कोण येतं ते मी सांगत नाही." ते म्हणाले, निदान येत नाही एवढं तरी सांगा. "तेही सांगत नाही. आज 'येत नाही' म्हटलं, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसेन तो येतो असा अर्थ होईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी पोह्याच्या पापडांचा मोठा डबा पाठवला, तर तुम्ही तो माझ्या हाती तसाच परत धाडलात. मी चिडले होते. उन्हातून जाताना त्या डब्याचं ओझं मला तुमच्या तत्त्वाहून जास्त वाटत होतं.

आणि ती मिठागरावरची बाई. नवरा खाडीत बुडून गेल्यावर तिचं बोलणंच बंद झालं होतं, ते तुमच्यापाशी हळूहळू सुटलं. एके दिवशी ती पानात बांधलेला सुक्या मासळीचा पुडा घेऊन आली, तेव्हा मी तुमच्यापाशी चहा ठेवायला आले होते. "पैसं नाय गो बाय आज. ह्यो सुका म्हावरा ठेव." तुम्ही पुडा तिच्या मांडीवर परत ठेवलात. "म्हावरा मी घेतला तर उद्या माझ्यावर चिडशील कशी गो? तू चिडायला पाहिजेस. बरं व्हायला लागतं ते." मग दोघींनी मिळून फी ठरवली, इतकी कमी की मला हसू आलं, आणि तेवढ्याचीही तुम्ही पावती फाडलीत. ती गेल्यावर मला म्हणालात, "हसलीस ना? तिला भीक नकोय. तिला हक्क पाहिजे."

तुमचा राग मी एकदाच पाहिला. माझी टिपणं तपासत होतात. एका तरुणाबद्दल मी लिहिलं होतं, 'खोटं बोलत असावा, सहानुभूती मिळवण्यासाठी.' तुम्ही वही बंद केलीत. "हे त्याच्यासमोर वाचून दाखवशील?" मी नाही म्हटलं. "मग लिहिलंस का? तो काय म्हणाला ते लिही. तुला काय वाटलं ते घरी घेऊन जा." तेव्हापासून मी तसंच लिहिते, आलेल्या माणसाचे शब्द, जमेल तितके त्याचेच.

तो ऑपरेटर ठरल्या दिवशी आला. कंपनीकडून नाही, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. खुर्चीच्या कडेवर बसला होता, हातातला मोबाईल सारखा उलटा-सुलटा करत. मी त्याला सगळं सांगितलं. फाईल मागितली, मी दिली नाही, आणि त्यांना कळलं ते माझ्या बिलातल्या वेळांवरून.

त्याने मोबाईल टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "काय लिवलंय माझ्याबद्दल? वाचा."

मी कपाट उघडलं, फाईल काढली आणि वाचायला लागले. लागोपाठ दोन पाळ्या करतो. बदली माणूस मिळत नाही. धाकट्या मुलीच्या आजारपणात उसनवार झाली म्हणून ओव्हरटाईम सोडवत नाही. घरी गेल्यावर झोप येत नाही, छातीत धडधडतं. सुपरवायझरला सांगितलं, तो म्हणाला सण झाल्यावर बघू. कामावर डोळा लागतो.

"थांबा," तो म्हणाला. "ते शेवटचं."

"तुम्ही म्हणाला होता."

"व्हय, म्हणालो. पण त्ये तुम्हाला म्हणालो. चौकशीवाल्यांच्या हातात गेलं तर मी मेलो, मॅडम. पोरगा जळला तो माझ्यामुळं असं होईल. त्या टायमाला मी जागा होतो. शपथेवर सांगतो, जागा होतो. व्हॉल्व आधीपासूनच लूज होता." तो उठून टेबलाशी आला. "तेवढं खोडा ना. तुमच्या हातात हाय. कुणाला काय कळतंय?"

मी नाही म्हणाले. त्याला समजावायला गेले, की एक शब्द जरी बदलला तरी बाकीच्या सगळ्यावरचा विश्वास जाईल. सुपरवायझरला सांगितलं होतं, त्या ओळीवरचाही. फाईल कुणाला द्यायची नाही यासाठी मी भांडेन, पण ती बदलणार नाही.

"भांडणार तुम्ही?" त्याचा आवाज चढला. खाली दुकानातलं बोलणं थांबलेलं मला कळलं. "तुमच्या बिलानंच मला पकडून दिला. आता कायदा सांगता? मी हितं मोकळं बोलायला आलो ना, ती माझीच चूक झाली." त्याने दार इतक्या जोरात ओढलं की कडी बराच वेळ हलत राहिली.

मी फाईल परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याचं म्हणणं खरं होतं.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मी कंपनीला लेखी नकार पाठवला. यापुढच्या बिलात फक्त सेशनची संख्या असेल, असंही कळवलं. महिनाअखेरीला त्यांनी करार संपवला. त्या करारावर येणारे बाकीचे कामगारही तुटले. त्यांतल्या एकाचं दारूचं नुकतं कुठे मार्गी लागत होतं. मी प्रत्येकाला निरोप दिला, पुढे यायचं असेल तर फी आपण बसून ठरवू. दोघे आले. बाकीच्यांनी मान हलवली, पण ते आलेच नाहीत. एकाला वाचवायला इतक्यांना सोडलं का मी, हा प्रश्न पूल ओलांडताना रोज माझ्याबरोबर चालायचा. खाली कुंडलिकेचं पाणी बघायचंही मी टाळत होते. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून दाराशी जायची. कोर्टाचा कागद आला की काय. की त्याच्या घरून कुणी आलं, त्याने काही करून घेतलं म्हणून सांगायला. ती भीती सगळ्यात मोठी होती. मी त्याला दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उचलला आणि मला माझं नावही सांगता येईना. तो माझ्याकडे येतो हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नव्हतं. "नंतर करते," म्हणाले. "ते हायत, जेवतायत," ती म्हणाली. तो जेवतो आहे, एवढ्यावर मी तो दिवस काढला.

एका दुपारी तो आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. पूर्ण खुर्चीत टेकून बसला.

"चौकशी झाली," म्हणाला. "मीच बोललो."

"काय बोललात?"

"सगळं. दोन-दोन पाळ्या करतो, झोप नाय, कधी कधी डोळा लागतो. सुपरवायझरला सांगितलं होतं, तो समोरच बसला होता, त्याच्या तोंडावर सांगितलं. आणि त्या दिवशी जागा होतो, व्हॉल्व लूज होता, त्ये पण सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या डॉक्टरबाईचा कागद आणा. मी म्हटलं, कागद कशाला, मी हाय ना समोर." थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्ही वाचून दाखवलं ना, तेव्हा लय राग आला. पण घरी गेल्यावर वाटलं, यात खोटं तर काय नाय. मग घाबरू कशाला? तसा घाबरलो होतोच."

बाई, गोष्ट इथे गोड झाली असं समजू नका. त्याला टाकीवरून काढून गोदामात टाकलं. ओव्हरटाईम गेला, म्हणजे पगार उतरला. चौकशीच्या निकालात व्हॉल्वचाही दोष आणि माणसांचाही, कुणाचं नाव नाही. लागोपाठच्या पाळ्या सध्या बंद आहेत. सध्या, असं तोच म्हणाला. भाजलेल्या पोराचा हात बरा झालाय, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. त्याला भेटायला हा दर आठवड्याला जातो, आणि त्याबद्दल माझ्यापाशी येऊन बोलतो. त्याची फी आम्ही दोघांनी बसून ठरवली. मी पावती दिली तर म्हणाला, "ही आता माझीच ना? कंपनीत नाय जायची?" मी हो म्हटलं. त्याने ती शर्टाच्या वरच्या खिशात घातली. बिलाबद्दल त्याने मला माफ केलंय का, ते मी विचारलेलं नाही. ते त्याच्या वेळेनं निघेल, रागानंच निघेल कदाचित.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. नाव-गाव गाळलं तरी माणूस त्याचाच आहे, तेव्हा लिहून झालं की फाडणार आहे. पण तुमच्यापाशी एक सांगायचं राहिलंय. त्याने खोडा म्हटल्यावर मी नाही म्हणाले, असं वर लिहिलं. ते खरं आहे, पण लगेच नाही म्हणाले. त्या ओळीपुढे जागा मोकळी होती. 'कामावर डोळा लागतो' याच्यापुढे 'की काय, अशी भीती वाटते' एवढं लिहिलं असतं तर काही खोडावंही लागलं नसतं. मी पेनचं टोपण काढलं होतं. त्यानेही ते पाहिलं. पेन निळं होतं आणि ती ओळ काळ्या शाईत होती. टोपण परत लावलं ते शाई वेगळी दिसली असती म्हणून. तुम्ही मला आठवलात, बाई, पण त्यानंतर.