मिस्टर मॅनर्सचा घास

प्रिय सर्वेश,

क्लेअरच्या आजीला तू विलायतेहून तारकर्लीला आपलं घर बघायला पाठवलंस आणि तेव्हापासून फोनवर एकच विचारतोस, लग्नाला होकार आहे ना? मी दरवेळी विषय बदलत होते. मनातलं सगळं फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. तुझी बहीण स्वप्ना या पत्राचा फोटो काढून तुला पाठवेल.

खरं सांगते, पहिल्याच जेवणाला माझं बिनसलं. तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी, म्हातारीने सगळं चवीने खाल्लं आणि शेवटी सुरमईचा एक चांगला तुकडा ताटाच्या कडेला सारून ठेवला. दुसऱ्या दिवशी घावनाचा ठेवला. आपल्याकडे पाहुण्याने ताटात टाकलं की रांधणारीचं तोंड उतरतं, तुला ठाऊक आहे. वर ही 'लव्हली, लव्हली' म्हणणार. जिला आमचं अन्न गोड लागत नाही, तिची नात या घरात काय रमणार, हाच घोर मला लागला.

तुझे बाबा म्हणाले, "अगो, तिका इचार मगे. मनात कुढत रवान काय गावतला?"

कुढत राहून काही मिळणार नव्हतंच, मग इंग्रजीसाठी स्वप्नाला मध्ये घालून विचारलं. म्हातारी चक्क लाजली. लहानपणी तिची आई बजावायची, परक्या घरी ताट पुसून खाऊ नये, शेवटचा घास मिस्टर मॅनर्स नावाच्या मानलेल्या गृहस्थासाठी ठेवावा. म्हणजे पाहुणी हावरट नाही आणि यजमानांनी पोटभर वाढलं, हे दिसतं. तिकडे आता असं कुणी बोलत नाही म्हणे, पण हिची सवय जात नाही. मला हसू आवरेना. हे मॅनर्सराव तर आपल्या कावळ्याचेच भाऊबंद निघाले. तुझे बाबा जेवायला बसताना कावळ्यासाठी घास काढून ठेवतात, ही उठताना ठेवते, एवढाच फरक. तेव्हापासून विहिरीवरच्या कावळ्याचं नाव मिस्टर मॅनर्स पडलंय आणि म्हातारी त्याला रोज स्वतःच्या हाताने तुकडा घालायची.

काल तिचं इथलं शेवटचं जेवण. तिने भाकरीने ताट अगदी लख्ख पुसून खाल्लं. आज कावळा उपाशी का, असं मी विचारलं, तर म्हणाली, तो पाहुण्यांचा रिवाज आहे, घरच्यांचा नाही. माझे डोळे भरून आले रे. तेव्हा ऐक, माझा होकार आहे. क्लेअरला घेऊन ये. पहिल्या दिवशी तिने एक तुकडा ठेवला तर चालेल. दुसऱ्या दिवशी ताट रिकामं दिसलं पाहिजे.

तुझीच,
आई