सईचं नाचायचं वय

शनिवार, ११ जानेवारी

नाकारली! साडेचार वर्षांच्या मुलीला नाचाच्या क्लासला घेत नाहीत. का, तर अजून तयार नाही म्हणे.

मीनाताईंचा भरतनाट्यमचा क्लास आमच्या मागच्याच रस्त्यावर, एका रो-हाउसच्या तळमजल्यावर. घणसोलीत नाव आहे त्यांचं. मूल घेण्याआधी त्या एकदा बसवून बघतात. आईबाप बाहेर, दार ओढलेलं. धनेश पायरीवर बसला, मी फटीतून बघत होते. ताई स्वतः नाचून दाखवत नाहीत. खाली बसतात, मान खाली घालून पाटावर काठी वाजवतात आणि तोंडाने बोल म्हणतात. हळू, पुटपुटल्यासारखे. मुलांनी त्यावर पाय मारायचा. सई सगळ्यांच्या मागून मारत होती. शेजारच्या मुलीचा पाय बघायची, मग आपला उचलायची. त्यात दिवाळीपासूनची सर्दी, मध्येच फ्रॉकला नाक पुसायची.

ताई बाहेर येऊन म्हणाल्या, "थोडं थांबू या." किती? "बघू." कारण? "ती जरा मागून येते."

मागून! पहिल्याच दिवशी कोण पुढून येतं?

समोरच्या फ्लॅटमधली रुतिका मात्र घेतली. सईपेक्षा लहान आहे ती. तिची आई प्राची लगेच पेढे घेऊन आली – "अगं, होईल सईचंही, टेन्शन नको घेऊ." खाल्ला पेढा. काय करणार?

शनिवारी आमच्या पेपरची पुरवणी सुटते, त्यामुळे मी तिथूनच ऑफिसला पळाले. धनेश मागे राहिला. वळून पाहिलं तर तो आणि ताई दारात उभे राहून बोलतायत. संध्याकाळी फोनवर विचारलं, काय चाललं होतं एवढं? "काय नाय, क्लासची वेळ विचारत होतो." वेळ दारावर रंगवलेली आहे. लाल अक्षरांत!

रविवार, १२ जानेवारी

धनेशने न सांगता चहा केला. मासळी आणली, साफही केली. काहीतरी लपवतोय.

बुधवार, १५ जानेवारी

इतकी वर्षं डेस्कवर काढली, तर निदान माहिती तरी नीट काढावी. दुपारी पानं लागायच्या आधी चार फोन केले. एक बाई म्हणतात तीन वर्षं पूर्ण झाली की आणा. एक म्हणतात सातच्या आत गुडघ्यांना त्रास. एक सर म्हणाले, "वय नका बघू, मूल रांगेत उभं राहतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का, ते बघा." चौथ्या बाईंनी आधी विचारलं, बातमीत फोटो येणार का? 'योग्य वय कोणतं?' असले लेख मी स्वतःच किती तपासून सोडले असतील! शेवटच्या परिच्छेदात कधीच उत्तर नसतं. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं.

घरी येऊन सईला तपासलं. डावा-उजवा येतो. गुडघे वाकवून अर्धं बसायला सांगितलं, माझ्यापेक्षा जास्त वेळ बसली. रांग, पाळी – बालवाडीत सगळं करते. मग ती चित्र काढत बसलेली असताना हळूच मोबाइलवर गाणं लावलं. बघू या, पाय आपोआप हलतो का. ढिम्म! मान वर केली नाही. हट्टी आहे, बापावर गेलीय.

विचारलं, "नाचाच्या बाई आवडल्या का?"

"काय?"

हे एक नवीनच काढलंय. प्रत्येक गोष्टीला 'काय?'. पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "आवडल्या. पण त्या खाली बघून बोलतात."

मलाही तेच खटकलं होतं. नजरेला नजर देत नाही ती बाई.

रविवार, १९ जानेवारी

काल तळवलीला धनेशच्या चुलतभावाची हळद. तळवली म्हणजे माझं सासर, आमच्या फ्लॅटपासून रिक्षाने दहा मिनिटं. सई दुपारभर तिथेच असते, आजीकडे. तिथे एरवीसुद्धा सगळे एकमेकांशी दोन घरं पलीकडून बोलतात. त्यात हळद! मांडवाच्या दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच स्पीकर. माझ्या छातीत दणके बसत होते. आमच्या साताऱ्याकडे वरातीतसुद्धा एवढा आवाज नसतो.

आणि सई! मधोमध शिरली आणि अशी नाचली! ठेका एकदाही चुकला नाही. कोणाकडे बघून नाही, काही नाही – डोळे मिटून. बायकांनी तिच्याभोवती रिंगण धरलं. सासूबाई मला ढोसून म्हणाल्या, "नाच शिकवाला बाई कशाला पायजे गो? आमाला कोनी शिकवला?" मी म्हटलं, "आई, ते वेगळं, हे वेगळं." त्या म्हणाल्या, "वेगला काय हाय त्यान? पाय तं तेच!" बायका हसल्या. मीही हसले. पण मनात राहिलं – यांना ती क्लासला जायलाच नकोय.

आज सकाळी व्हिडिओ मीनाताईंना पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. बघा म्हणावं, मागून येते का! उत्तर तासाभराने आलं : 'छान. स्पीकर किती मोठे होते?'

याचा अर्थ काय? हळदीचा नाच तो, त्याला कशाला मोजायचं, हेच ना? साडेचार वर्षांच्या मुलीसमोर नाक मुरडताय बाई!

गुरुवार, २३ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

पानं लवकर सुटली. फोन न करता थेट तळवलीला गेले. दार उघडंच होतं. सई ओटीवर टीव्हीसमोर, आवाज बंद केलेला. तिच्या पाठीमागे सासूबाई उभ्या. एका हातात ताट, दुसऱ्यात डाव. त्यांनी ताट वाजवलं – जोरात नाही, मध्यम. थांबल्या. पुन्हा वाजवलं, थोडं डावीकडे सरकून. आणि कोपऱ्यात धनेश उभा! गुरुवारी दुपारी तो पावणे एमआयडीसीत आपल्या वर्कशॉपमध्ये असायला हवा. त्याची मशिनं बंद पडली तरी तो तिथून हलत नाही.

मला बघताच ताट खाली.

"काय चाललंय आई?"

"काय नाय गो, ताट घासाला घेतलाय."

ओटीवर? डावाने?

सई वळली, मला बघून धावत आली. ती आनंदात होती. ती दोघं नव्हती.

म्हणजे हे असं आहे तर. सासूबाईंनी घरातल्या घरात नाच शिकवायला घेतलाय, धनेशला पटवलंय, आणि त्याने ताईंना सांगून सईला बाहेर ठेवलंय. मला विचारलं असतं तरी चाललं असतं. घरचा नाच घरात शिकवा, मी काही अडवणार नव्हते. पण चोरून?

शुक्रवार, २४ जानेवारी

आवाज न चढवता विचारलं. मी कधीच चढवत नाही, त्याचाच त्याला राग येतो.

"ताईंशी काय ठरवलंयस?"

"काय ठरवनार? काय पन!"

"काल दुपारी घरी का होतास?"

"माझं घर आहे ते, सोनल. मी जायचं नाय का?"

"आणि ताट?"

तो उठून पाणी प्यायला. मग म्हणाला, "तुला सगळीकडे बातमीच दिसते. एक तारखेपर्यंत थांब ना जरा."

एक तारखेला काय आहे? नाही सांगितलं.

सोमवार, २७ जानेवारी

प्राची सहज म्हणाली, "काल धनेशभाऊ दिसले क्लासवर. ताईंशी बोलत होते." काल रविवार. क्लास बंद असतो.

बुधवार, २९ जानेवारी

सानपाड्याला दुसरा क्लास शोधला. मॉलच्या मागे, आरसे लावलेला हॉल, एसी. बाई हसतमुख. सईकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "शनिवारी सकाळी या, ड्रेस इथेच मिळेल, माप तेवढं आणा." बसवून बघणं नाही, काठी नाही, बोल नाही. मोठ्या पडद्यावर मुलं बघतात आणि तसं करतात. विचारलं, "ही तयार आहे असं तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळेच तयार असतात."

खरं तर आनंद व्हायला हवा होता. एवढ्या सहज हो म्हणतात, याचाच संशय येतो. पण नाव घातलं. कोणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

नव्या क्लासच्या ड्रेसचं माप घेताना सईनेच सांगून टाकलं बापाला. धनेश दाराजवळ बूट काढत होता, तसाच एका बुटावर आत आला.

"उद्या नाही न्यायचं तिला."

"का?"

"उद्या वाशीला जायचंय. डॉक्टरकडे. नंबर लावलाय, आधी मिळतच नव्हता."

मग सगळं एका दमात. पहिल्याच दिवशी ताईंनी त्याला थांबवून सांगितलं होतं – पोरगी काठी ऐकून पाय मारत नाही, दुसरीचा पाय बघून मारते. ताईंनी तोंड वर केलं तर बरोबर करते, खाली केलं की चुकते. तिच्या कानांचं एकदा बघून घ्या. याने आईला विचारलं. आईने ताट काढलं. कधी सई वळते, कधी नाही. डाव्या बाजूला तर बहुतेक नाहीच.

"तीन आठवडे? आणि मला एक शब्द नाही?"

"खात्री नव्हती. तुला सांगितलं असतं तर तू तासाभरात दहा डॉक्टरांना फोन केले असते. आणि मग ते खरंच झालं असतं."

काय बोलतो हा! फोन केला की खरं होतं?

माझा विश्वास नाही. मुलगी स्पष्ट बोलते. बालवाडीतून एक तक्रार नाही. हळदीत ठेका सोडला नाही. तळवलीत सगळ्यांशी गप्पा मारते. ऐकू न येणारं मूल असं असतं का? एका बाईला घ्यायचं नव्हतं, तिने एक कारण काढलं, आणि ही दोघं मायलेकरं त्यावर ताट वाजवत बसली. मला सांगितलं नाही ते वेगळंच.

सानपाड्याला फोन करून कळवलं, पुढच्या शनिवारी येतो. उद्या वाशीला जाते. फक्त हे खोटं आहे एवढं ऐकायला.

शनिवार, १ फेब्रुवारी

नंबर यायचा होता. दवाखान्यात माशांची काचेची पेटी आहे, सई तिला नाक लावून उभी. पाठ आमच्याकडे.

म्हटलं, यंत्रबिंत नंतर, आधी मीच बघते. तिच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभी राहिले. घरात मारते तशीच साधी हाक मारली – सई.

पुन्हा मारली.

ती मासे मोजत राहिली.