उद्या लागणारा पिच्चर

बाबा,

आज गुरुवार. तुमच्या वेळी गुरुवारी दुपारी पनवेलच्या टॉकीजसमोरच्या भिंतीवर नवं पोस्टर लागायचं, आणि त्या भिंतीच्या बरोबर समोर तुमची पानाची गादी. खळीची बादली घेतलेला माणूस शिडीवरून उतरायच्या आत गिऱ्हाइकं तुमच्याकडे वळायची. तुम्ही चुना लावता लावता मान वर करायचात, हिरोचे बूट, हिरॉइनची साडी, कोपऱ्यात डोळे वटारलेला व्हिलन, सगळं सावकाश बघायचात आणि पानाची घडी घालत निकाल द्यायचात, "परनार." म्हणजे पडणार, चालणार नाही, रविवारपर्यंत खुर्च्या रिकाम्या. मी शाळेतून येऊन गादीच्या फळीखाली बसलेली असायचे आणि तुमचा तो शब्द ऐकून मला उगाच मोठं वाटायचं, जणू मुंबईतले सगळे निर्माते आपल्या बाबांच्या तोंडाकडे बघत बसलेत.

गंमत अशी की तुमचा निकाल हटकून उलटा लागायचा. ज्याला तुम्ही परनार म्हणालात त्याची रांग शुक्रवारी वळसा घालून आपल्या गादीपर्यंत यायची, आणि तुम्ही त्याच रांगेला पानं विकायचात. हळूहळू सगळ्या गावाचं ठरूनच गेलं की तुम्ही नाक मुरडलं की पिच्चर डोळे झाकून बघावा. टॉकीजचा मॅनेजर, तो सफारी घालणारा, गुरुवारी संध्याकाळी मुद्दाम पान खायला यायचा. तुम्ही काही बोलला नाहीत तर बिचारा कासावीस व्हायचा, आणि परनार म्हणालात की लग्न ठरल्यासारखा हसत जायचा. आज मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसते, त्यामुळे मला कळतं की तुम्ही सरसकट सगळ्यांनाच परनार म्हणत होतात. जे खरंच पडले ते लोक विसरले, जे चालले तेवढे तुमच्या नावावर लागले. सगळं कळतं, तरी मन ऐकत नाही.

आणि शुक्रवारी पहिल्या खेळाला तुम्ही स्वतः हजर. हे मला लहानपणी कोडंच होतं. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही घरी यायचात, पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात. आई चुलीवर भाकरी थापत असायची, तव्यावर सुके बोंबील, आणि तुम्ही पाटावर बसून हळू आवाजात तिला सांगायचात की उद्याचा पिच्चर एकदम भारी दिसतोय, गाणी चांगली असणार, तू लवकर आवर. एकदा मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, दुकानात तर तुम्ही परनार म्हणालात. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत माझ्याकडे बघितलंत. "दुकानात बोलाचा येगला नि घरान बोलाचा येगला. गप जेव." आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी गप जेवले, पण मला काही कळलं नव्हतं.

एकदाच, बाबा, एकदाच तुम्ही गादीवर बसून 'चालेल' म्हणालात. आपल्या खाडीकडची मिठागरं बंद होत आली होती तेव्हा तिथे एका मराठी पिच्चरचं शूटिंग झालं होतं, आणि मिठाची टोपली डोक्यावर घेऊन जाणाऱ्या माणसांत तुम्ही होतात. पोस्टर लागलं तेव्हा तुम्हाला राहवलं नाही. येईल त्याला, पान न खाणाऱ्यालासुद्धा, तुम्ही सांगत सुटलात की हा चालेल, धो धो चालेल. मॅनेजर धावत आला आणि हात जोडून म्हणाला की शेठ, शब्द मागे घ्या. तुम्ही घेतला नाहीत. दुसऱ्या दिवशी आपण सगळे नवे कपडे घालून गेलो तर अख्खी बाल्कनी आपल्याला आंदण. तुमचा चेहरा पडद्याच्या अगदी कडेला, पापणी लवेपर्यंत दिसला, आणि आपण एवढ्या शिट्ट्या मारल्या की टॉर्चवाला आला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर पिच्चर. सोमवारी त्याच्यावर दुसरं पोस्टर चिकटलं. तुम्ही त्या दिवशी कात जास्त पडलेली पानं लोकांना देत होतात, आणि घरी येऊन आईला एवढंच म्हणालात की माझ्या तोंडानं परला. नंतर तो 'चालेल' तुमच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

तुम्ही असता तर आता तुमची पंचाईत झाली असती. हल्ली पोस्टरची वाट कुणी बघत नाही. आधी पिच्चर येणार म्हणून बातमी, मग टीझर कधी येणार त्याची बातमी, मग टीझर, मग ट्रेलर, आणि ट्रेलर संपायच्या आत खाली हजार माणसं लिहून मोकळी की गेला, बंडल आहे, तिकिटाचे पैसे वाचवा. सगळा देशच तुमच्या गादीवर बसलाय. आमच्या कचेरीत तर डब्याच्या वेळेला पिच्चर न बघता त्याचं श्राद्ध घालतात. तुमची गादी मात्र माझ्याकडे आलीय, असं घरच्यांनी परस्पर ठरवलंय. मी दोनचार पिच्चरना सहज नावं ठेवली आणि ते तुफान चालले, एवढं कारण पुरलं. तुमचा मुलगा, आता गावात रेती-सिमेंटचा मोठा शेठ, तो तर म्हणतो की बाबा विमानतळालाही 'होनार नाय' म्हणायचे म्हणूनच तो झाला. हो, झाला बरं का. खांदेश्वरच्या आमच्या गच्चीवरून विमानं दिसतात. मेट्रोसुद्धा झाली, आमच्या घरातली पोरं ती जन्मापासून आहे अशा थाटात तिच्यात बसतात.

आता मुद्द्यावर येते. उद्या जो पिच्चर लागतोय त्यात तुमची नात आहे. पडद्यावर नाही, आवाजात. ती पिच्चरमधले आवाज गोळा करण्याचं काम करते, दाराचे, भांड्यांचे, पावलांचे. खाडीकाठच्या एका बाईची गोष्ट आहे, आणि त्या बाईला ओहोटीच्या चिखलातून चालत जायचं असतं. हिरॉइन शहरातली, ती चिखलात बागेत फिरल्यासारखी चालली. आवाज काही केल्या खरा येईना. मग एका रविवारी माझी पोरगी मला आपल्या खाडीवर घेऊन गेली, माझी साडी गुडघ्यापर्यंत खोचायला लावली आणि स्वतः माइक धरून बांधावर बसली. तुम्ही शिकवलं होतं तशी मी चालले, आधी टाच नाही, आधी बोटं, आणि पाय काढताना थोडा तिरका. ती कानाला लावलेलं ते यंत्र काढून माझ्याकडे बघतच राहिली. घरी येताना रिक्षावाल्याने आम्हाला दोघींना चिखलासकट घ्यायला नकार दिला, आणि आम्ही हसत हसत चालत आलो.

गेल्या महिन्यात खारघरच्या मॉलमध्ये दुसराच कुठला तरी मारामारीचा पिच्चर बघायला गेलो तर आधी हिच्या पिच्चरचा ट्रेलर लागला. अंधार, आणि अंधारात फक्त चिखलातली पावलं. माझी पावलं, बाबा, एवढ्या मोठ्या थेटरात. मागच्या रांगेतली दोन कॉलेजची पोरं म्हणाली, आर्ट फिल्म आहे रे, गेली ही. मी वळून त्यांना सांगणारच होते की काही गेली नाही, चांगली चालणार आहे, आणि तेवढ्यात मला तुमची ती रिकामी बाल्कनी आठवली. तोंडात पॉपकॉर्न कोंबले.

तिथून माझी बोलतीच बंद झाली. खोटं बोलून परनार म्हणावं तर जीभ वळेना, कारण पोरीने घरी दाखवला तेवढा पिच्चर मला मनापासून आवडलाय. खरं बोलून चालेल म्हणावं तर हिम्मत होईना. मी बीए झालेली बाई, कचेरीत साहेबांना नियम दाखवणारी, आणि घरात तोंडाला कुलूप लावून फिरत होते. सगळं घर माझ्या मागे लागलं. भावाचा फोन, "ताय, बोलून टाक ना परनार. तुजा काय जातंय?" नवरा म्हणाला, चांगल्या कामाला नाट कशाला लावतेस, बोल आणि सूट. पोरगी सुरुवातीला हसून मागायची, मम्मी, सगळ्यांचं बोलून झालंय, फक्त तुझं बाकी आहे. मी कधी भाजी नीट कर म्हणायचे, कधी कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. मग तिचं हसणं कमी झालं. परवा ती ताटावरून उठली. "तुला आवडलाच नाहीये ना, मम्मी? सरळ सांग ना मग. दोन वर्षं घातलीत मी त्यात." आणि खोलीत गेली. तिला वाटलं मी नापसंतीमुळे गप्प आहे. दाराबाहेर उभी राहून मी कितीतरी वेळ कडी वाजवू की नको करत होते, आणि शेवटी ताट झाकून ठेवून झोपले.

आज सकाळी ती अंधेरीला निघाली. आज तिकडे कलाकारांसाठी खेळ आहे, उद्या सगळीकडे लागेल. बूट घालत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिला शुभही हवं होतं आणि कौतुकही, आणि माझ्याकडे दोन्हींपैकी एकच देता येण्यासारखं होतं. मी हात पुसत बाहेर आले, कमरेवर हात ठेवला आणि तिच्या तोंडावर म्हटलं, "परनार."

तिने मान वर केली. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "नक्की?"

"धाडकन परनार. दुसऱ्या खेळाला कुत्रं येणार नाही."

एक बूट पायात, एक हातात, अशी ती येऊन माझ्या गळ्यात पडली. मग जिना उतरताना फोनवर मामाला ओरडून सांगत गेली की मम्मी बोलली, मम्मी बोलली. मी दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. तिची दोन वर्षांची मेहनत, आणि तिच्या आईच्या तोंडून तिने काय ऐकलं तर कुत्रं येणार नाही.

आणि तिथे उभी असताना मला माझी दहावी आठवली. निकालाच्या आठवडाभर आधी तुम्ही गादीवर येईल त्याला सांगत होतात की आमची पोर यंदा परनार. माझ्या मैत्रिणींच्या वडिलांनासुद्धा सांगितलंत. मी फळीखाली नव्हते तेव्हा, पण मला येऊन सांगणारे होतेच. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले, पेढे तुम्हीच वाटलेत. तरी एक बारीक सल राहिलाच की बाबांना माझा भरवसा नव्हता. नोकरीच्या परीक्षेच्या वेळी तेच, लग्नाच्या वेळी तेच. तो सल मी इतकी वर्षं सांभाळला, आणि आज सकाळी स्वतःच्या दाराला टेकून उभी असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबा, तेवढा एक शब्द उच्चारायला केवढं बळ लागतं हो! तुम्ही तो माझ्यासाठी किती वेळा उच्चारलात! दुकानात तो बोलून तुम्ही घरी येत होतात, पाय धुऊन स्वयंपाकघरात जात होतात, आणि तिथे हळू आवाजात आईला माझ्याबद्दल काय सांगत होतात, ते मी कधी विचारलंच नाही. आता आईही नाही.

मला मात्र सांगायला कुणी उरलं नाही. नवरा भावाला सांगेल, भाऊ सगळ्या गावाला. म्हणून डब्याच्या सुट्टीत, पोळी तशीच ठेवून, हे तुम्हाला लिहितेय. ट्रेलर मी चोरून इतक्यांदा बघितलाय की फोन गरम होतो. उद्या पहिल्या खेळाचं तिकीट काढलंय, कचेरीत डोकं दुखतंय म्हणून सांगणार आहे.

आता कान इकडे करा. आजूबाजूला कुणी नाही, सगळे हात धुवायला गेलेत. चालेल, बाबा. पोरीने फार सुंदर काम केलंय, आणि धो धो चालेल. झालं, बोलले. आता हा कागद फाडते, कुणाच्या हाती लागायच्या आत.