खाडी गोठेपर्यंत

३० ऑक्टोबर
पुन्हा आलं! तेच पोरगेलं पांढरं अस्वल – तीनेक वर्षांचं, आईने हल्लीच हाकललेलं. कचऱ्याच्या खड्ड्यापाशी बसून खाडीकडे बघत होतं. जुलैपासून पोटात काही नाही. बर्फ धरला की सील मिळतील, तोवर उपासच. आवाजाचा बार काढला तेव्हा उठलं, जांभई दिली, गेलं.

वहीत ही दुसरी खेप. तिसऱ्यांदा गावात शिरलं तर गोळी, आणि ती राखणदाराने, म्हणजे मीच घालायची. यासाठी का शिकले?

बाबा म्हणाले, "सासरेबुवा, बंदूक पुसून ठेवा." आईच्या शिकारी वडिलांचं नाव मला दिलं, आणि आमच्यात नावाबरोबर नातंही येतं; तेव्हापासून मी बाबांचा सासरा. पदवी आली तरी तेच!

१ नोव्हेंबर
वारा उलटा. बर्फ नाही.

२ नोव्हेंबर
गावच्या रेडिओवर बोलले. मांस बाहेर टांगू नका, पोरांना एकटं सोडू नका. बोटभर बर्फ धरला तरी ते पाय फाकवून, वजन पसरून निघून जाईल. आणि जोशात म्हणून गेले – "आता ते येत नाही. माझा शब्द!"

लगेच उविलुक आजींचा फोन, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. "नानुकच्या, त्या पांढऱ्या अस्वलाच्या वतीने शब्द देणारी तू कोण गं? ते ऐकतं. आता मुद्दाम येईल. सुईण म्हणून तुझी नाळ कापली, जीभही कापायला हवी होती!"

गाव हसलं. मीही. अस्वल आणि रेडिओ ऐकणार! – पण दिवसभर खिडकीशी उभी होते.

५ नोव्हेंबर
खाडीवर साय धरलीय. दोन दिवस दे, फक्त दोन!

६ नोव्हेंबर
शाळेमागे. दुपारची सुट्टी, मुलं बाहेर. दोन बार काढले, हललं नाही. मग माझ्याकडेच आलं – डोकं खाली, कान मागे.

एक गोळी.

कातडीखाली चरबी जवळजवळ नव्हतीच.

उविलुक आजी सुरी घेऊन आल्या. वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझं तोंड धरून मायेने गालाला नाक लावलं. "पहिलं नानुक गं तुझं!" पहिल्या शिकारीच्या रीतीप्रमाणे सगळं मांस गावात वाटलं, पहिला वाटा सुईणीचा. आई रडत मला म्हणाली, "बाबा, तुम्ही परत आलात."

मी सगळ्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

८ नोव्हेंबर
खाडी गोठली. यंदाच्या अस्वलाच्या शिकारीच्या मोजक्या परवान्यांच्या सोडतीत माझं नाव घालून आले. का, ते इथेही लिहीत नाही.