घराकडे, मावशीकडे आणि लॅपटॉप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरंच वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात आणि घरात हिच्याशिवाय कुणी नाही). तुझा गुडघा, तुझा मोतीबिंदू आणि वरच्या मजल्यावरची ती शेजारीण, या तिघांपैकी सध्या कोण जास्त छळतंय ते सविस्तर कळव. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. हिची कंबर आणि माझी अक्कल सोडली तर तक्रारीला जागा नाही. अक्कल तर तू लहानपणीच निकालात काढली होतीस, त्यामुळे ते काही नवं दुखणं नव्हे.

पत्रास कारण की, तुझी आज्ञा मी पाळली आहे. धक्का पाडणार म्हणून बाबांची बोट इथून हलवायची, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. दीपगृहापलीकडच्या सुतारानं ती आपल्या आवारात ठेवून घ्यायचं कबूल केलंय. एकदा तिथे जमिनीवर चढली की पुन्हा पाण्यात उतरायची नाही, लाकूड थकलंय तिचं. म्हणजे खाडीतून एकच फेरी उरली. तू ये आणि पूर्वीसारखी पुढे बस, एवढंच मी म्हणालो, तर तू फटकन म्हणालीस, "मला समोरचा माणूस धड ओळखू येत नाही, मी काय तुला वाट दाखवणार? हल्ली लॅपटॉपवर समुद्राचे नकाशे मिळतात म्हणे, ते घे आणि जा." आणि फोन ठेवलास. बरं बाई, घेतले.

तुला वाटेल, नकाशा घ्यायचा म्हणजे दुकानात जायचं, गुंडाळी काखोटीला मारायची आणि यायचं. अगं, तो जमाना गेला. मी आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं की मघाचं बरं?" असं विचारलं. त्या सगळ्या गिऱ्हाइकांचे तळतळाट मला एकदम लागले. कॉम्प्युटरवाला एकेक सॉफ्टवेअर उघडून मला तेच विचारतो आणि मला घाम फुटतो. पहिलं फुकटचं होतं. फुकट म्हटल्यावर मी हुरळलो. घरी येऊन उघडलं, तर पडदाभर पांढरंफटक आणि मधोमध आपली बोट. विचारलं तर म्हणतो, काका, सॉफ्टवेअर फुकट, नकाशे वेगळे घ्यायचे. म्हणजे ताट-वाटी आमची, जेवण तेवढं तुम्ही आणा! दुसऱ्यात कागदी नकाशाचाच फोटो होता, हुबेहूब बाबांचा. तीच पिवळट जमीन, तेच खोलीचे मुंगीएवढे आकडे. जेवणाच्या टेबलावर अंथरून बाबा त्याच्या कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवायचे आणि आई बरोबर तेव्हाच मीठ मागायची, आठवतं? मी खुर्ची ओढून बराच वेळ नुसता बघत बसलो. (ही म्हणाली, बघायचाय की घ्यायचाय?) पण नीट दिसावं म्हणून मोठा केला की त्यात नुसती अक्षरं फुगतात, माहिती तेवढीच. तिसरा नव्यानं आखलेला, स्वच्छ, देखणा. जवळ जावं तसं जास्त दाखवणारा, पण लांबून बघितलं की खडक गायब! लांबून बघणाऱ्याला खडक दाखवायचेच नाहीत, असा त्याचा नियमच आहे म्हणे. आपला मामा लग्नं जुळवायचा ना, अगदी तसा. तरी शेवटी तोच घेतला.

त्यातून लॅपटॉपला स्वतःला आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो. त्यासाठी काडेपेटीएवढी एक डबी जोडावी लागते, ती उपग्रहांना विचारून त्याला सांगते. शिवाय बोट नांगरून ठेवली आणि नांगर सुटून ती वाहायला लागली, तर हा बोंब मारतो. ही सोय मला फार आवडली. करून बघायला पाणी कशाला हवं, म्हणून मी खिडकीपाशी टेबलावर लॅपटॉप ठेवला, इथे आपण नांगर टाकला असं त्याला सांगितलं आणि निश्चिंत मनानं आंघोळीला गेलो. हिला टेबल पुसायचं होतं. हिनं लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला, आणि त्यानं जो टाहो फोडला, "नांगर सरकला! नांगर सरकला!", तो ऐकून समोरचे निवृत्त हेडमास्तर चपला न घालता धावत आले. मी अंगाला साबण तसाच ठेवून आतून ओरडतोय, बंद कर, आणि ही विचारतेय, कुठून? हेडमास्तरांनी चहा घेतला, पण आमच्याकडे बघायची त्यांची नजर बदलली ती बदललीच. तेव्हापासून टेबल पुसायचं असलं की ही दारातून म्हणते, तुमचा नांगर उचला.

मग गेल्या रविवारी चाचणीला निघालो. आता पुढचं ऐक आणि हसू नकोस. उन्हात लॅपटॉपचा पडदा आरशासारखा होतो, त्यात फक्त आपलं तोंड दिसतं. (या वयात ते खडकापेक्षा भयंकर.) म्हणून ही उन्हाकडे पाठ करून, म्हणजे माझ्याकडे तोंड करून बसली. मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर छत्री. मी सुकाणूवर. ही नकाशा बघून म्हणणार, डावीकडे, आणि मी डावीकडे वळणार. पण समोरासमोर बसल्यावर हिचं डावं ते माझं उजवं! लग्नाला एवढी वर्षं झाली तरी ही गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात येऊ नये? व्हायचं तेच झालं. बोट सावकाश, अगदी घरात शिरावी तशी, वाळूच्या दांड्यावर चढून बसली. कुठला दांडा ते सांगायला हवं का?

तोच गं. बाबा दीपगृहाला तेल आणि वर्तमानपत्रं पोचवायचे, त्या वाटेवरचा. तू पुढच्या फळीवर पाय सोडून बसायचीस आणि मी बाबांच्या पायाशी. तुला तेव्हा डावं-उजवं कळत नसे (आता कळतं, असं मी गृहीत धरतो), म्हणून बाबांनी तुला शब्द दिले होते. घराच्या बाजूला वळायचं तर "घराकडे", पलीकडच्या काठाला वळायचं तर "मावशीकडे". जाताना घर डाव्या हाताला, येताना उजव्या, पण तू कधी चुकली नाहीस, कारण घर कुठे आहे हे तुला कायम ठाऊक असायचं. एकदाच तू समुद्रपक्षी बघत बसलीस आणि हाक द्यायची राहिली. बाबांना तो दांडा दिसत होता, मलासुद्धा दिसत होता. तरी त्यांनी सुकाणू हलवलं नाही. बोट रुतली, तू रडायच्या बेतात आलीस, तर बाबा म्हणाले, "रुतलोच आहोत तर जेवून घेऊ." भरती चढेपर्यंत आपण तिघं तिथे बसून जेवलो. इतका सुखाचा घास मला पुन्हा कधी मिळाला नाही, हे हिच्या देखत लिहितोय.

आपल्या घराच्या जागी आता बर्फाचा कारखाना आहे आणि मावशीच्या घरावर उंच इमारत. लॅपटॉपला दोन्ही ठाऊक आहेत, उंचीसकट. पण त्याला घराकडे म्हणता येत नाही. मी कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, यात आपले शब्द घालता येतात का? तो म्हणाला, काका, आवाज बदलता येतो, पुरुषाचा किंवा बाईचा. मी म्हटलं, राहू दे.

ताई, बाबांना ती वाट डोळे मिटून येत होती. तू समोरचं बघून सांगावंस म्हणून त्यांनी तुला पुढे बसवलं नव्हतं. तेव्हा मोतीबिंदूचं कारण मला, चष्मेवाल्याला, सांगू नकोस. तरी जबरदस्ती नाही. लॅपटॉप आहे, डबी आहे, नकाशा चोख आहे, आमचं सगळं व्यवस्थित चाललंय. थोरामोठ्यांना नमस्कार लिहिणार होतो, पण आता आपल्याहून थोर तूच उरलीस.

तुझा धाकटा
(म्हणजे तुझ्या भाषेत ठोंब्या)

ता.क. : दीपगृहाकडे जाताना हवा गार असते. शाल आण. म्हणजे आलीस तर.

ता.क. २ : पुढची फळी नवी बसवली आहे, पाठ टेकायला आधारही केलाय. ते बोटीच्या डागडुजीतच आलं, उगाच वेगळा अर्थ काढू नकोस.

(खाली दुसऱ्या अक्षरात)

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी लिहिते. उन्हाचं खरं आहे, पण मी आधी पुढच्या फळीवरच बसायला गेले होते. तर म्हणाले, तिथे ताई बसते. लॅपटॉपचा आवाज यांनी धक्क्यावरच बंद केला होता. आणि माझ्या डाव्या-उजव्याचं म्हणाल, तर मी हातानं दाखवत होते, शेवटी छत्री मिटून छत्रीनं दाखवलं. हे दांड्याकडे बघत होते आणि सुकाणू हलवत नव्हते. तासाभरासाठी कुठे निघाले तर पाणीसुद्धा बरोबर न घेणारा माणूस, त्या दिवशी सकाळीच म्हणाला होता, डबा घे, तिघांना पुरेल एवढा. दांड्यावर बसूनच जेवलो, तिसरा वाटा तसाच परत आणला.

लॅपटॉप मी कपाटात ठेवून दिलाय. धक्का पाडायला अजून अवकाश आहे. तुम्ही कधी येताय तेवढं कळवा, म्हणजे मला डबा भरता येईल.