पहाटशाळेची हजेरी

११ जुलै
एम.ए. इतिहास, दुसरं वर्ष, पहिला तास. वर्गात सगळी बाविशी-तेविशीची पोरं, आणि मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तरी पहिला बाक माझाच. पस्तीस वर्षं उभ्यानं नोकरी केली. आता बसायला मिळतं, ही चैन कोण सोडतो!
शेजारी प्रणाली, दर्यापूरची. मागच्या वर्षी तिनंच मला ओळखलं — "काका, तुमीच ना आमच्या कॉलेजच्या गाडीवर होते?" तेव्हापासून ती माझं टाइप करून देते आणि मी तिचा डबा खातो.

१९ जुलै
लघुप्रबंधाचा विषय दिला — छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीत भरणारी बायकांची पहाटशाळा. फार वर्षांपूर्वी वस्तीतली एक म्हातारी माझ्या गाडीत बसली होती. म्हणाली, मास्तर पहाटे कंदील घेऊन यायचे, बायका तासभर शिकायच्या आणि मग शेतात निंदायला जायच्या. एवढंच. ती म्हातारीही आता नाही.
आमच्या मार्गदर्शक आरती मॅडमना विषय आवडला. पण म्हणाल्या, "धर्मपालजी, एका आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही. कागद आणा." दिवाळीपर्यंत मुदत. नाही मिळाला तर विषय बदलायचा.
बरोबरच आहे. तिकीट नसलेल्या प्रवाशाचं मी तरी कधी ऐकून घेतलं?

३ ऑगस्ट
गावी गेलो. शाळेच्या स्मरणिकेत एक ओळ नाही. ग्रामपंचायतीत कागद नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर हसले. "बायाईची शाळा? अन् पहाटे? कोनं सांगतलं तुले?"
परतीच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा निघाला. आग्रहानं पुढची सीट दिली. झोपलो.

२२ सप्टेंबर
जुन्या सरकारी कागदांत सलग पाच दिवस. धुळीनं शिंकून शिंकून नाक लाल. आज मास्तर सापडले! शिक्षकांच्या यादीत — किसनराव, नेमणूक आमच्या गावी, राजीनामा जून १९५९, मूळ गाव बाळापूर.
तिथल्या तिथं प्रणालीला फोन केला. ती ओरडली ते शेजारच्या टेबलावरच्या बाबूलाही ऐकू गेलं.

११ ऑक्टोबर
बाळापूर. अकोल्यात गाडी बदलली. विचारत विचारत मास्तरांचं घर गाठलं. ते कधीच वारले. मुलगी रुख्मिणीबाई तिथंच राहतात. ऐंशीला टेकलेल्या, पण ताठ.
सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत. वाटलं, रागावल्या. आल्या त्या फडक्यात बांधलेली वही घेऊन.
"बाबा म्हनत, कोनी ना कोनी येईन हे घ्याले. तुमी लयच उशीर केला."
हजेरीपत्रक! ऑक्टोबर १९५७ ते मे १९५९. एकोणीस बायका. महिनाअखेर प्रत्येकीची सही. पहिल्या महिन्यात एकोणीस अंगठे. मग पानागणिक एकेक अंगठा जातो आणि तिथं अक्षर येतं. वाकडं, मोठं, रकान्याबाहेर गेलेलं.
अकरावं नाव — पंचफुला सहदेव.
माझी माय.
मी दोन वर्षांचा असताना ती गेली. फोटो नाही. बापानं दुसरं लग्न केलं, मग घरात तिचं नाव कधी निघालं नाही. आजपर्यंत माझ्याजवळ तिचं काहीच नव्हतं. आता सही आहे. 'पं'वरचं टिंब हे एवढं, कपाळावरच्या कुंकवासारखं.
रुख्मिणीबाईंनी चहा दिला. निवला. दुसरा दिला. तोही निवला.

१२ ऑक्टोबर
वहीच्या फोटोतल्या सहीवर माधवीनं हळूच बोट फिरवलं. म्हणाली, "तुमचा ल बी असाच आहे." बायकोचं लक्ष! मी पानभर ल काढले. आहे. तसाच आहे.

१४ ऑक्टोबर
आरती मॅडमनी सगळी पानं पाहिली. मग पेढा घेतला. एक अट घातली — प्रबंधात माय म्हणजे 'विद्यार्थिनी क्रमांक ११'. बाकी भावना घरी ठेवायच्या.
मान्य. घर मोठं आहे माझं.

७ जानेवारी
ऐंशी पानं झाली. पाठ गेली. मजेत आहे.

२५ मार्च
तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक अकोल्याचे. विचारलं, मास्तर गेल्यावर शाळा बंद पडली हे कशावरून लिहिलंत? म्हटलं, हजेरी तिथंच संपते. ते 'हं' म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "ही क्रमांक अकरा तुमची कोण?"
मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.
परीक्षकांना विचारलं, कसं कळलं? म्हणाले, बाकी प्रबंध भरधाव जातो. ती आली की तुमची गाडी हळू होते.
सांगितलं. ते खुर्चीतून उठले आणि माझा हात हातात घेतला.
बाहेर पोरांनी मला उचललं. प्रवाशांनी नोकरीत काय काय केलं, पण कधी उचललं नव्हतं.

२ एप्रिल
रुख्मिणीबाईंचं पार्सल. माळा झाडताना सापडलेले सुटे कागद, मास्तरांनी दोऱ्यानं शिवलेले. वर बाईंची चिठ्ठी — बाबा तुमचं गाव सोडून आल्यावर हे दर महिन्याले पोस्टानं तपासाले येत होते.
जुलै १९५९ ते मार्च १९६२. एकतीस बायका. मास्तरांच्या अक्षरात फक्त एक शब्द, तांबड्या शाईत — पाहिले.
शिक्षकाच्या रकान्यात रोज एकच सही. पंचफुला सहदेव.
प्रबंध साफ चुकला माझा. सकाळपासून हसून राहिलो.