बारदान वजा जाता

आबा, माझं वजन शहाण्णव किलो चारशे ग्रॅमवर थांबलं आहे. चौदा आठवडे झाले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांनी लिहायला बसले तर सांगायला हेच आहे. तुम्ही समजून घ्याल. तुमचा जन्म मापाडी म्हणून मालाची वजनं सांगण्यातच गेला.

गेल्या वर्षी सुरतेला जाऊन मी पोट कापून घेतलं. म्हणजे लहान करून घेतलं. दुर्बिणीतून करतात; आत केळ्याएवढी पिशवी ठेवतात आणि उरलेलं पोट बाहेर काढतात. काढलेलं पोट पेशंटला परत देतात का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं, कारण आमच्याकडे बारदान, म्हणजे मालाचं रिकामं पोतं, शेतकऱ्याला परत द्यायची पद्धत आहे. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मी एकशे एकतीस होते. पहिल्या सहा महिन्यांत पस्तीस किलो गेले. वहिनी म्हणाली, "ताई, पोट काढी टाकं तुम्हीन, आते जीभबी काढी टाका, सारं गाव हलकं हुई जाई." मी तेव्हा हसले होते. आता ते वाक्य आठवतं, पण त्यात हसण्यासारखं काय होतं ते आठवावं लागतं. सहा महिन्यांनंतर काटा जो बसला तो बसला. वाटीभर वरणाचं पाणी, पाव भाकरी, बोटाएवढं पनीर एवढंच खाते आणि काटा मात्र शेवभाजी खाल्ल्यासारखा तिथेच. थायरॉईड मला आधीपासून आहे, त्याची गोळी रोज घेते. ज्यांच्या गळ्यातली ती ग्रंथी आळशी असते त्यांचं वजन असं अडतं, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. खरं तर सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

पथारीवरची, म्हणजे वाळवणाच्या मैदानावरची मिरचीही अशीच वागायची. कोरीटकडून, तळोद्याकडून ओली लालभडक मिरची गाड्या भरून यायची, मोकळ्या रानात अंथरायची, आणि पहिल्या आठ दिवसांत तिचं वजन धडाधड उतरायचं. मग एक दिवस उतरायचं थांबायचं. व्यापारी घाई करायचे. तुम्ही मूठभर मिरची कानाजवळ नेऊन हलवायचा. बी वाजलं तर वाळली. नाही वाजलं तर म्हणायचा, "ओली शे अजून. वाळी तवय देखसूत." आणि दव उडाल्याशिवाय एकही पोतं काट्यावर घ्यायचा नाही. यावर मी एकदा सुंदर लेख लिहिला असता, पाणी जातं आणि सत्त्व उरतं वगैरे. माझ्यातून पाणी गेलं आणि शहाण्णव किलो सत्त्व उरलं, एवढंच त्यातून निघतं, म्हणून लिहिला नाही.

मिरचीच्या हंगामात तुम्ही माझ्या तोंडाला हात लावायचा नाही, हे मला फार आठवतं. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचा, आई तुमच्या तळहातांवर तेल घालायची, मग ताक, मग पुन्हा तेल. तरीही मी जवळ आले की हात पाठीमागे घ्यायचा. लहानपणी मला वाटायचं, मी जाड आहे म्हणून. आईला विचारलं तर म्हणाली, "येडी कुठली. तुन्हा डोळा जळतीन म्हनीसन." तरी मला माझंच कारण जास्त पटायचं.

आता तो दिवस. मी बारा वर्षांची होते, तुमचा डबा घेऊन पथारीवर आले होते. जेवायची वेळ, काटा रिकामा. तेव्हा तिकाटीला टांगलेला मोठा तराजू होता, एका बाजूला पोत्यासाठी साखळ्यांवरची फळी, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजनं. हमालांपैकी एक म्हणाला, "आबा, पोरले तोला ना. दोन क्विंटल भरी." सगळे हसले. मला वाटलं तुम्ही त्याला शिवी द्याल. तुम्ही मला म्हणालात, "बठ." मी फळीवर बसले. "डबा धरीसन का ठेईसन?" तोच हमाल. तुम्ही म्हणालात, "बारदान मी काढसू. पोरी, हालू नको." मग वजनं चढली, दांडी सरळ झाली, आणि तुम्ही तुमच्या त्या आवाजात, जो चार पथाऱ्यांपलीकडे जायचा, आकडा पुकारला. "बावन्न!" पलीकडच्या मापाड्याने सवयीने तो परत पुकारला. त्याला वाटलं पोतं आहे. त्यानंतर दहावीपर्यंत शाळेत माझं नाव बावन्न होतं.

मी त्याच्यावर पोट भरलं, आबा. अक्षरशः. गेली पंचवीस वर्षं साप्ताहिकात विनोदी सदर लिहिते, गॅदरिंगला, महिला मंडळांना, ग्रंथालयाच्या वार्षिक सभांना बोलवतात, आणि सगळीकडे लोकांना तोच किस्सा हवा असतो. बापाने मुलीला मिरचीच्या पोत्यासारखी तोलली आणि गावाला आकडा ओरडून सांगितला. मी तुमची नक्कल करते. मान मागे, डोळे मिटलेले, "बावन्न!" बायका डोळे पुसेपर्यंत हसतात. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या महिन्यातही नवापूरला एक कार्यक्रम ठरलेला होता. तिथेही केली. तुम्ही जिवंत असताना एकदा मागच्या रांगेत येऊन बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. घरी येताना एवढंच म्हणालात, "आवाज बरा काढस तू मन्हा." त्यात राग होता का ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

ऑपरेशननंतर दर रविवारी दहा वाजता दवाखान्यातून आहार सांगणाऱ्या मुलीचा फोन येतो. वजन विचारते, लिहून घेते, ते डॉक्टरांच्या ग्राफवर जातं. काटा थांबला त्या पहिल्या रविवारी मी आकडा पाहिला, आणि अंगावर गाऊन होता म्हणून अर्धा किलो कमी सांगितलं. बारदान. पुढच्या रविवारी पाणी प्यायले होते, ते वजा केलं. मग पायावर सूज होती, ती काय माझी नव्हे. मापाड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला यात काही खोटं वाटत नाही, आबा. पोत्यातला माल कधी पोत्यासकट सांगतात का? आकडा पुकारण्याआधी काहीतरी वजा करायचंच असतं, हे मी घरातच शिकले. करत करत फोनवरची मी ब्याण्णववर पोचले. मुलगी म्हणायची, "खूप छान ताई, हळूहळू पण उतरतंय." फरशीवरची मी शहाण्णववर उभी. घरचा काटा बिघडला म्हणावं तर तीही सोय तुम्ही ठेवली नाहीत. इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि यार्डातली लोखंडी वजनं भंगारात निघाली, तेव्हा पाच किलोचं एक तुम्ही माझ्या घरी आणून ठेवलंत. "खलबत्ता नही शे, मसाला कुटू नको," म्हणालात. काय करायचं ते सांगितलं नाहीत. मी रोज सकाळी आधी ते काट्यावर ठेवते. पाच पूर्णांक शून्य. मग स्वतः चढते.

त्या तीन महिन्यांत मला काही वाटेनासं झालं. दुःखही नाही. वैशाखात आपल्याकडे पत्रे तापतात तेव्हा मी गोधडी घेऊन बसायची. केस फणीत यायचे, मी ते गुंडाळून टाकून द्यायची, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. सदर लिहायला बसलं की वाक्यं यायची, टोचायची नाहीत. संपादकांनी फोन करून विचारलं, "तब्येत बरी आहे ना? कोणाची तक्रारच आली नाही." रडावंसं वाटलं तर रडता येईल का हे पाहण्यासाठी एकदा तुमचा फोटो काढून समोर ठेवला. फोटो चांगला आहे, एवढंच वाटलं.

गेल्या आठवड्यात तपासणीला सुरतेला गेलो. यांनी गाडी चालवली. तिथल्या काट्यावर चढले, शहाण्णव चारशे. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, स्क्रीनवरच्या उतरत्या रेषेकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेन, ये ग्राफवाली बेन आप नहीं हो." हे लगेच म्हणाले, "घरचा काटा जरा कमी दाखवतो." यांनी रोज सकाळी मला ते पाच किलोचं वजन काट्यावर ठेवताना पाहिलेलं आहे. मी यांच्याकडे पाहिलं नाही. रक्त तपासलं. थायरॉईडचा आकडा पाहून डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशी घेता. मी म्हटलं, सकाळी सगळ्या एकदम, कॅल्शियम, लोहाची, थायरॉईडची, दुधाबरोबर. त्यांनी आधी गोळ्यांची यादी पुन्हा वाचली. मग सांगितलं, कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला पोटात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मध्ये चार तास हवेत. "वजन रुका है, ये तीन महिने पहले पता होता तो मैं उसी दिन ब्लड करवाता. दिल पे असर आता है इसका. ठंडी लगती थी? सुस्ती? कुछ अच्छा नहीं लगता था?" मी म्हटलं, आमच्याकडे कुणालाच काही चांगलं वाटत नाही, त्यामुळे लक्षात आलं नाही. याही वेळी हसले नाहीत. हृदयाची पट्टी काढली. ठोके मंद आहेत, पण ठीक आहेत. गोळी वाढवली. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. आणि दर रविवारी खरा आकडा, नाहीतर ही नवी गोळी कमी पडते की जास्त हे त्यांना कळणार कसं.

येताना उच्छल मागे पडलं. मग हे म्हणाले, "मी सांगायला हवं होतं त्यांना." मी म्हटलं, "तुम्ही मापाडी थोडेच आहात."

आज रविवार. थायरॉईडची गोळी साडेपाचला नुसत्या पाण्याबरोबर घेतली. पाचचं वजन ठेवलं, पाच शून्य. चढले, शहाण्णव चारशे. दहाला फोन आला. "ताई, किती?" हातात गाऊनचा अर्धा किलो होता, पाण्याचा होता, सुजेचा होता. मी सगळ्यासकट सांगितलं. मुलगी म्हणाली, "वाढलं?" मी म्हटलं, "वाढलं नाही. आधीचं चुकीचं सांगितलं होतं." तिने लिहून घेतलं. हलकं वगैरे वाटलं नाही. अजून मला फारसं काही वाटत नाही. सहा आठवडे लागतील म्हणतात. पण फोन ठेवल्यावर, एक दुरुस्ती झालीच आहे तर दुसरीही करावी, म्हणून कागद घेतला. पत्र संपलं की घडी घालून कपाटात ठेवीन, वर ते वजन.

त्या दिवशी फळीवर बसले होते तेव्हा दुसरं पारडं माझ्या बरोबर समोर होतं. त्यात एक पन्नासचं, एक पाचचं आणि एक दोनचं वजन होतं. डबा तर किलोभराचाही नव्हता. तुम्ही पुकारताना डोळे मिटले होते. जन्मात एकदा तुम्ही वजन कमी सांगितलंत, तेही सगळ्या पथारीसमोर. घरी आणून दिलंत ते हेच पाचचं होतं की नाही, मला माहीत नाही. तशी चार होती यार्डात.

मला बेरीज येत होती, आबा. तेव्हाही येत होती. पंचवीस वर्षं तुमची नक्कल करताना आकडा मात्र मी तुमचाच सांगत आले.